गाणी नकोत, एक बटण द्या

एप्रिलमध्ये बाबांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. ॲडमिट व्हायच्या आदल्या रात्री त्यांनी नेहमीच्या शिस्तीने स्कूटर चार्जिंगला लावली. आमच्या पंतनगरच्या बिल्डिंगखाली, पत्र्याच्या शेडमध्ये. सकाळी १००%. "घरी आलो की तयार असावी," म्हणाले. डॉक्टरांनी तीन महिने स्कूटर बंद सांगितली. आई चालवत नाही. माझ्याकडे टू-व्हीलरचं लायसन्स नाही, माझं आयुष्य घाटकोपर मेट्रोच्या रांगेत जातं.

म्हणजे ऐन उन्हाळ्यात, तापलेल्या पत्र्याखाली, पूर्ण भरलेली बॅटरी तीन महिने नुसती उभी राहणार. लिथियम-आयन बॅटरीला याहून वाईट सुट्टी देता येत नाही.

का, ते थोडक्यात सांगतो. बऱ्याच स्कूटरमध्ये असतो तो निकेलवाला सेल १००%ला साधारण ४.२ व्होल्टवर असतो, अर्ध्यावर सुमारे ३.७. व्होल्टेज जितका जास्त, तितक्या आतल्या नको त्या रासायनिक क्रिया जोरात चालतात. गाडी एक मीटरही न हलता बॅटरी म्हातारी होत जाते. उष्णता त्यात भर घालते. उलट टोकही वाईटच. ५%वर गाडी सोडून गावाला गेलात, तर बॅटरीवर लक्ष ठेवणारं सर्किट थेंबथेंब वीज पीत राहतं. सेल फार खाली गेला की आतलं तांबं विरघळायला लागतं आणि मग चार्जर लावूनही उपयोग नसतो. म्हणून साठवायची बॅटरी अर्ध्याच्या आसपास ठेवावी, सावलीत ठेवावी, महिन्या-दीड महिन्याने एकदा बघावी.

मी कंपनीच्या कस्टमर केअरला फोन केला. विचारलं, गाडी न चालवता चार्ज ६०%वर कसा आणू? पलीकडचा मुलगा नम्र होता. म्हणाला, "सर, एक राउंड मारून या ना." मी म्हटलं, चालवणारा माणूस प्लास्टिकच्या खुर्चीत बसून वॉकरकडे बघतोय. त्यावर तो म्हणाला, "मग फुल चार्जच राहू द्या, काही होत नाही."

होतं. आणि हे या उद्योगाला चांगलं माहीत आहे. १ एप्रिल २०१६ पासून विमानाने माल म्हणून जाणाऱ्या सुट्या लिथियम-आयन बॅटऱ्या खास परवानगीशिवाय ३०%पेक्षा जास्त चार्जवर पाठवता येत नाहीत. तिथे कारण आगीचं आहे, बॅटरीच्या आयुष्याचं नाही. पण भरलेली बॅटरी आणि कमी भरलेली बॅटरी या दोन वेगळ्या वस्तू आहेत, हे त्यातून कळतं. खेळण्यातल्या विमानांच्या चार्जरवर वर्षानुवर्षं 'स्टोरेज' नावाचा मोड असतो. डीजेआयच्या ड्रोनची बॅटरी काही दिवस पडून राहिली की स्वतःच चार्ज थोडा उतरवून घेते. आयफोन १५ पासून फोनलाही ८०%ला थांब म्हणून सांगता येतं. आमची लाखभर रुपयांची स्कूटर मात्र मोबाइलवर कॉल आला तर सांगते, गाणी लावते, आणि '६०%वर ये' एवढं तिला सांगायची सोय नाही.

त्या रात्री मी खाली बसलो. किल्ली फिरवली, हेडलाइट लावला. आमची बॅटरी अडीच युनिटची. १००वरून ६०वर यायचं म्हणजे एक युनिट जाळायचं. दिवा आणि डिस्प्ले मिळून ४० वॅट धरले तर पंचवीस तास. त्यात गाडी दर काही मिनिटांनी झोपी जाते, तिला ब्रेक दाबून उठवायचं. दोन तासांत तीन टक्के उतरले. वॉचमन काकांनी विचारलं, "गाडी आजारी आहे का?"

नेटवर सुचवतात तसे बॅटरीच्या वायरी काढून हीटर किंवा बल्ब जोडायचे उद्योग करू नका. घरातली बटणं एसीसाठी असतात. डीसी करंट तोडताना ठिणगी सहज विझत नाही, आणि हा खेळ बिल्डिंगच्या मीटरबोर्डाशेजारी चालतो. सोय दिली नाही की लोक जुगाड करतात. मग आग लागली की दोष जुगाड करणाऱ्याचा.

इथे कोणी म्हणेल, गाडी उभी असताना वीज जाळायची कुठे, सॉफ्टवेअर काय जादू करणार? जागा गाडीतच आहे. मोटरच्या गुंडाळ्यांतून करंट अशा प्रकारे सोडता येतो की चाक फिरत नाही, फक्त तांबं तापतं. टेस्लाच्या मॉडेल ३ने हेच केलं. थंडीत बॅटरी गरम करायला वेगळा हीटर न लावता उभ्या गाडीच्या मोटरमध्ये मुद्दाम उष्णता निर्माण केली. आमच्या स्कूटरला एवढा जोर लागतही नाही. १०० वॅटने दहा तास, झालं एक युनिट. तापमान वाढलं की थांबायचं. मी रोज कोड लिहितो. चाचणी काळजीपूर्वक करावी लागेल, मान्य. पण जी टीम दर अपडेटला नवीन रंगाची थीम पाठवते, तिच्या आवाक्याबाहेरचं हे काम नाही.

दुसरा आक्षेप: वीज वाया जाते. एक युनिट जातं, म्हणजे फार तर दहा-पंधरा रुपये. नवीन बॅटरीला हजारांत पैसे मोजावे लागतात, आणि जुनी बॅटरी भंगारात जाते ती पर्यावरणाच्या नावाने घेतलेल्या गाडीची.

तिसरा: एलएफपी सेलना १००% चालतं. त्यांना मोजमाप जुळवायला अधूनमधून पूर्ण भरावं लागतं, खरं. पण महिनोनमहिने ठेवायचं असेल तर त्यांनाही अर्ध्यावरच बरं.

२०२२ मध्ये स्कूटरना आगी लागल्या, तेव्हा सरकारने समिती नेमली आणि एआयएस-१५६ चे कडक नियम डिसेंबरपासून लागू केले. सक्ती केली की कंपन्या बदलतात, हे तेव्हा दिसलं. आता माझ्या मागण्या तीनच. चार्जिंग कुठे थांबवायचं ते मालकाला ठरवू द्या. 'गाडी ठेवून जातोय' असं एक बटण द्या. आणि बॅटरीची तब्येत किती टक्के उरली, तो आकडा स्क्रीनवर दाखवा.

हा तिसरा आकडा सगळ्यात महत्त्वाचा. आमच्या बॅटरीचं त्या उन्हाळ्यात किती नुकसान व्हायचं होतं, हे मला कधीच कळलं नसतं. जे दिसत नाही त्याची वॉरंटी मागायची तरी कशी?

शेवटी मामेभाऊ आला. एलबीएस रोडने मुलुंडपर्यंत दोनदा जाऊन आला, चाळीसेक किलोमीटर, ट्रॅफिकला शिव्या देत. ६०% झाले. गाडी शेडमधून जिन्याखालच्या सावलीत लावली. बाबा खिडकीतून बघत होते. म्हणाले, "रिकामी फिरवलीत, येताना भाजी तरी आणायची."

ज्याच्याकडे मामेभाऊ नाही, त्याने काय करायचं?