मुदत संपलेला कागद



एप्रिलमध्ये चाकूरच्या आमच्या एका फोटोग्राफर मित्राने जुना स्टुडिओ आवरायला काढला. कपाटाच्या तळाशी ब्रोमाइड पेपरची चार पाकिटे निघाली. मुदत संपून पंचवीस वर्षे होऊन गेलेली. तो ती रद्दीत टाकायला निघाला. आम्ही पडलो कारकून. निर्लेखनाचा कागद मंजूर झाल्याशिवाय मोडकी खुर्चीसुद्धा हलवायची नाही ही आमची सवय. आम्ही म्हणालो, थांब जरा.

हा कागद म्हणजे जिलेटिनच्या थरात चांदीचे क्षार बसवलेला कागद. आपल्या भिंतींवरचे जुने काळे-पांढरे फोटो यावरच छापलेले. उदकमंडलमच्या हिंदुस्थान फोटो फिल्म्स या सरकारी कारखान्याचा ‘इंदू’ छापाचा माल स्टुडिओवाल्यांना आठवत असेल. 1960 साली स्थापन झालेला तो कारखाना आता बंद आहे. कागद जुना झाला की डेव्हलपरमध्ये टाकताच पांढरा भागही राखाडी होतो. म्हणून तो बाद ठरतो.

पण उन्हाला मुदत कळत नाही. घरात मंद उजेडात कागदावर झाडाचे पान ठेवायचे, वर काच दाबायची आणि अर्धा ते दोन तास उन्हात ठेवायचे. डेव्हलपर नको, अंधारी खोली नको. प्रकाशाने क्षार फुटून चांदीचे अतिसूक्ष्म कण सुटतात आणि कागद जांभळा, विटकरी, तपकिरी होत जातो. पानाखाली फिकट ठसा राहतो. पान ओले असेल तर कडेला निराळेच रंग चढतात. इंग्लंडात टालबट यांनी 1830 च्या दशकात मीठ आणि चांदीचा क्षार लावलेल्या कागदावर पाने आणि जाळीदार लेस ठेवून हेच केले होते. आमच्या गल्लीतल्या पोरांनी पिंपळाचे पान, कडुनिंबाची डहाळी, बांगडी ठेवली. एका पोरीने आजीच्या जुन्या लुगड्याचा विरलेला तुकडा ठेवला. त्यातला धागा न्‌ धागा उमटला. आजीबाई तो कागद कितीतरी वेळ डोळ्यांजवळ धरून बसल्या.

हा ठसा उजेडात राहिला तर काळवंडून जातो. टिकवायचा तर हायपोत बुडवावा लागतो. त्याने रंग उतरतात, शिवाय नंतर भरपूर पाण्याने धुवावे लागते. जाड कागदी प्रत तर तासभर. 2016 साली मिरजेहून रेल्वेने आलेले पाणी प्यायलेल्या लातूर जिल्ह्यात हा खर्च आम्हांला पटेना. तेव्हा काढल्याबरोबर मोबाईलवर फोटो घ्यायचा आणि मूळ कागद काळ्या पाकिटात ठेवून द्यायचा, असे ठरले.

पाणी खर्चिले ते एकाच प्रतीसाठी. आमच्या आईचा एकच फोटो होता, तो भिंतीच्या ओलीने गेला. ट्रंकेत निगेटिव्ह तेवढी उरली होती. हल्ली निगेटिव्ह संगणकावरही उतरवतात, पण आक्काचा हट्ट, जुन्यासारखा फोटो पाहिजे. मित्राने खिडकीला घोंगडी लावली, लाल दिवा पेटवला. पहिला कागद सगळाच राखाडी आला. मग त्याने डेव्हलपरमध्ये चिमूटभर पोटॅशियम ब्रोमाइड घातले. त्याने कागदाचा आपोआप येणारा काळेपणा रोखला जातो, पण प्रकाश जास्त द्यावा लागतो. दुसरा वाया गेला, तिसराही. चौथ्यावर आधी पदराची किनार आली, मग कपाळ, मग डोळे. पांढरे कुठेच लख्ख नव्हते, दिवेलागणीला पाहावे तसा चेहरा. आक्का म्हणाली, “चुलीपुढं आई अशीच दिसायची.” आमच्याच्याने काही बोलवेना.

कोणाच्या ओळखीच्या स्टुडिओत अशी पाकिटे असतील तर रद्दीवाला येण्याआधी विचारावे. फोटो छापायचा असेल तर ती लाल दिव्यातच उघडावीत. उजेड लागलेला कागद उन्हातल्या ठशापुरता ठेवावा. औषधांना घरातली पातेली, पराती वापरू नयेत, मुलांचे हात त्यात जाऊ देऊ नयेत. वापरलेल्या हायपोत चांदी उतरलेली असते. तो विहिरीजवळ किंवा नालीत ओतू नये. मित्राने आपला कॅनमध्ये भरून ठेवला आहे. चांदी काढणारे लोक तो घेतात. पाकिटांपैकी आता दोन शिल्लक आहेत, आणि आक्काने त्यांतले चार कागद मावशीच्या निगेटिव्हसाठी आधीच मागून ठेवले आहेत.