न्हाऊ घालणाऱ्या बाईशी बोलायला हवे

15 नोव्हेंबरला नवजात सप्ताह सुरू होईल. फलक लागतील, रांगोळ्या निघतील, स्तनपानावर भाषणे होतील. त्याला हरकत नाही. पण या वर्षी बाळाला न्हाऊ घालायला घरी येणाऱ्या बाईकडेही आपण बालरोगतज्ज्ञांनी आणि परिचारिकांनी वळून पाहावे.

आधी दिवसांचा हिशोब पाहू. महाराष्ट्रात आता 95 टक्क्यांच्या आसपास बाळंतपणे दवाखान्यात होतात आणि सगळे सुरळीत असेल तर 48 तासांच्या सुमारास माय-लेकरू घरी जाते. पूर्ण दिवसांच्या बाळाची कावीळ सर्वांत जास्त चढते ती तिसऱ्या ते पाचव्या दिवशी, कमी दिवसांच्या बाळाची त्याहूनही उशिरा. दूध नीट उतरायला दोन ते चार दिवस लागतात. पहिलटकरीण असेल, सिझेरियन झाले असेल तर आणखी वेळ. वजनही याच दिवसांत उतरते आणि ती उतरण 10 टक्क्यांपलीकडे गेली तर बाळाला दूध पुरत नाही असे समजावे. घरी सोडताना आपण छान म्हणून शेरा मारलेले बाळ चौथ्या दिवशी तसेच असेल याची खात्री कोणीच देऊ शकत नाही. तरीही आपल्या कार्डावर ‘सात दिवसांनी दाखवा’ हेच छापलेले असते.

या दिवसांतला सर्वांत फसवा प्रकार म्हणजे शहाणे बाळ. रडत नाही, रात्रभर उठवत नाही, घरचे कौतुक करतात. पुरेसे दूध पोटात न गेल्याने ते पेंगत असते, पेंगते म्हणून ओढत नाही, ओढत नाही म्हणून दूधही वाढत नाही. लंगोट कोरडा, रक्तातले सोडियम चढलेले, अंग पिवळे, आणि आणतात तेव्हा झटके सुरू झालेले. चोवीस तासांत आठ ते बारा वेळा पाजणे आणि पाचव्या दिवसानंतर किमान सहा वेळा लघवी, एवढे दोन आकडे आजीला पाठ असते तर यातली बरीच बाळे वेळेत आली असती.

अशा वेळी बाळाला रोज सकाळी उजेडात, सगळे कपडे काढून, डोक्यापासून तळव्यांपर्यंत कोण पाहते? आपण नाही. आशाताईही रोज नाही. पाहते ती न्हाऊ घालणारी बाई, किंवा ती नसेल तर आजी. तिचा हात बाळाच्या प्रत्येक सांध्यावरून, बेंबीवरून, काखेतून फिरतो. आणि तिला आपण आजवर काय दिले? मनाईची यादी. नाकात-कानात तेल घालू नका, गुटी नको, मध चाटवू नका, काजळ नको, बेंबीला काही लावू नका, धुरी नको. यातली प्रत्येक मनाई योग्यच आहे. नाकातले तेल फुप्फुसात उतरते, मधातून बोटुलिझमचा धोका असतो, गुटीमुळे अंगावरचे दूध कमी होते. पण ज्या माणसाला फक्त रागावले जाते ते माणूस आपल्याला काही सांगायला येत नाही. तेलही चालू राहते, आणि तिने पाहिलेला पिवळेपणाही आपल्यापर्यंत पोचत नाही.

तिला पाहायला शिकवावे. पिवळेपणा पायांपर्यंत पोचला तर त्याच दिवशी दवाखाना. उन्हात धरून बसायचे नाही. (कोवळ्या उन्हाचा सल्ला अजून आपल्यातलेच काही जण देतात, तेव्हा दोष तिला कशाला?) सावळ्या कातडीवर नुसत्या डोळ्यांनी काविळीचा अंदाज आपलाही चुकतो, म्हणून तिने किती ते ठरवू नये, फक्त घेऊन यावे. पोट गरम आणि पाय गार असतील तर आंघोळ राहू दे, बाळ आईच्या छातीशी उघड्या अंगाला अंग लावून ठेवावे. पोटही गार लागले तर थांबू नये. बेंबीभोवती लाली, अंगावर पुवाचे फोड, हातपाय सैल पडणे, हे तिच्या हाताला आपल्या आधी कळते. अडीच किलोच्या आतल्या बाळाला सुरुवातीचे दिवस पुसून घेणे पुरते, हेही तिलाच सांगायला हवे.

आणखी एक गोष्ट आपण क्वचितच विचारतो. बाळासाठी जुन्या सुती लुगड्याची दुपटी आणि थोरल्या भावंडांची झबली पेटीतून निघतात, त्या पेटीत डांबरगोळ्या असतात. जी-सिक्स-पीडीची कमतरता असलेल्या बाळाच्या तांबड्या पेशी नॅफ्थलीनच्या वासानेही फुटतात. कावीळ अचानक चढली तर पेटीची चौकशी करावी.

घरात जाऊन बाळ वाचवता येते हे महाराष्ट्रानेच दाखवले. गडचिरोलीत ‘सर्च’ संस्थेच्या अभय आणि राणी बंग यांनी 39 गावांत आरोग्यदूत नेमले आणि सुईणींनाही सोबत घेतले, नवजात मृत्यूंमध्ये तिसऱ्या वर्षी 62 टक्के घट झाली आणि 1999 मध्ये ते ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाले. 2011 पासून देशभरच्या आशांच्या गृहभेटी त्याच वाटेने आल्या. दवाखान्यात जन्मलेल्या बाळासाठी पहिली भेट तिसऱ्या दिवशी असते. पण आपल्याकडे पहिले बाळंतपण माहेरी. नाव सासरच्या आशाच्या वहीत, बाळ दुसऱ्या तालुक्यात. कार्डावर गावाचा पत्ता लिहून घेताना ‘आता इथून कुठे जाणार?’ एवढे विचारले आणि तिथल्या आशाला फोन केला तर ती भेट चुकत नाही. शहरातल्या खासगी दवाखान्यातून गेलेल्या बाळाच्या नशिबी बहुधा ही भेटही नसते.

म्हणून घरी सोडण्याच्या दिवशी आजीला आणि जमल्यास न्हाऊ घालणाऱ्या बाईला खोलीत बोलवा. कार्डावर घरी सोडतानाचे वजन आणि जन्माची वेळ लिहा, कारण काविळीचा आकडा तासांच्या वयाशी ताडायचा असतो. ‘सात दिवसांनी’ खोडून पुढच्या 48 तासांतली तारीख घाला. आता अडचण रविवारची. बुधवारी जन्मलेले बाळ शुक्रवारी घरी जाते आणि त्याची तपासणी नेमकी रविवारी येते, तेव्हा आपली ओपीडी बंद असते. त्यासाठी डॉक्टरने दिवसभर बसायची गरज नाही. सकाळचा एक तास, वजनकाटा, एक जाणती परिचारिका आणि फोनवर उपलब्ध डॉक्टर एवढ्यावर भागते.