दोन यूरोंचा विद्यार्थी आणि पंचवीस यूरोंचा विद्यार्थी

परदेशीं शिकावयास गेलेलीं आपलीं मुलें सुट्टींत मित्रमंडळींसह इटली-ग्रीस पाहून परतलीं, कीं घरोघर दोनच उद्गार ऐकूं येतात: "अभ्यास सोडून हें काय आरंभिलें?" किंवा "छायाचित्रें सुरेख आलीं आहेत!" पहिल्या उद्गाराला सविस्तर उत्तर देण्याचें आम्हांस कारण दिसत नाहीं. विसाव्या वर्षीं ज्यानें रोम, फ्लॉरेन्स व नेपल्स पाहिलें, त्यानें अभ्यास सोडला नसून वाढविला, हें विद्येची चाड असलेल्या कुटुंबांत तरी सांगावें लागूं नये. आमचें भांडण निराळें आहे, आणि तें इटलींतील तिकिटाच्या खिडकीशीं आहे.

प्रकार असा आहे. जर्मनीच्या एखाद्या विद्यापीठांतले चौघे मित्र कल्पावे. एक म्युनिकचा, एक पोलंडची, एक स्पेनचा आणि चौथा आपला पुण्याचा. वर्ग एक, वसतिगृह एक, चुलीवरचा भातहि बहुधा एकच. स्वस्तांतल्या स्वस्त रात्रीच्या बसनें आल्प्स ओलांडून हे चौघे फ्लॉरेन्सला उतरतात व सकाळीं उफीत्सी चित्रशाळेच्या दारीं उभे राहतात. खिडकीवरचा गृहस्थ ओळखपत्रें मागतो. इटलीच्या सरकारी संग्रहालयांत यूरोपीय संघाच्या १८ ते २५ वर्षांच्या नागरिकास तिकीट दोन यूरो; त्याच वयाच्या पुणेकरास पूर्ण दर, जो उफीत्सींत २०२५ सालीं २५ यूरो होता. पाँपेईच्या भग्नावशेषांत, रोमच्या कोलोसियमांत हाच नियम. पुढें अथेन्सला गेलें तर अक्रोपोलिसच्या टेकडीवर संघाचा पंचविशीच्या आंतला तरुण फुकट चढतो, आणि आमचा मनुष्य पैसे मोजून. मौज ही, कीं अठरा वर्षांखालचें मूल कोणत्याहि देशाचें असो, इटली त्यास मोफत आंत घेते. सतराव्या वर्षापर्यंत तें जगाचें. अठरावा वाढदिवस उजाडला कीं परकें!

कोणी म्हणेल, इतका खर्च करून जो यूरोपांत गेला त्याला तेवीस यूरोंचें काय? असें म्हणणाऱ्यानें परदेशी विद्यार्थ्याचा हिशेब पाहिलेला नसावा. जर्मनींत शिकावयास जाणाऱ्यास वर्षाच्या निर्वाहाचे ११,९०४ यूरो आधीं बँकेंत अडकवून ठेवावे लागतात (हा आंकडा सप्टेंबर २०२४ पासूनचा) आणि त्यांतून दरमहा ९९२ यूरोच हातीं येतात. खोलीचें भाडें, आरोग्यविमा, जेवण सगळें त्यांतच. अशा मुलाला दहा दिवसांच्या प्रवासांत पांच-सहा ठिकाणीं पूर्ण दर द्यावा लागला तर तो दोन ठिकाणें पाहतो आणि उरलेल्यांच्या पायऱ्यांवर बसतो. त्याहून वाईट म्हणजे त्याचे मित्रहि संकोचानें म्हणतात, "मग आपण कोणीच नको जाऊं या." म्हणजे एका नियमानें चौघांचीं चित्रें बुडालीं. पैशाची गोष्ट लहान म्हणून सोडून देतां येईल. चौघांतून एकाला वेगळा काढून रांगेंत उभें करण्याची गोष्ट लहान नाहीं.

दुसरा आक्षेप अधिक जड आहे. संग्रहालयें करांतून चालतात, कर नागरिक भरतात, तेव्हां सवलत नागरिकासच. यांत अन्याय कोठें? हा युक्तिवाद इटलीने फक्त इटालियन तरुणांस सवलत दिली असती तर निदान सरळ उभा राहिला असता. पण म्युनिकच्या मुलाचा बाप इटलीचा कोणता कर भरतो? त्याचा कर बर्लिनास जातो. आणि त्याच जर्मनींत राहून आमचा विद्यार्थी पावापासून पुस्तकापर्यंत प्रत्येक वस्तूवर तोच कर भरीत असतो. तेव्हां ही कराची बाब नव्हे. ही केवळ पासपोर्टाच्या पुठ्ठ्याची बाब आहे.

आणि विद्यार्थी कोण हें खिडकीवर ओळखतां येत नाहीं, अशी सबब तर इटलीस सांगतांच येत नाहीं. वास्तुशास्त्र, पुरातत्त्व, कलेतिहास अशा शाखांच्या विद्यार्थ्यांस, तें विद्यापीठ संघाच्या कोणत्याहि देशांतलें असलें तरी, प्रवेश मोफत आहे, आणि तेथें विद्यापीठाचा दाखला पुरतो. म्हणजे तोच पुणेकर वास्तुशास्त्र शिकत असता तर फुकट आंत गेला असता. तो यंत्रशास्त्र शिकतो म्हणून त्याला बोतिचेल्लीची गरज नाहीं असें ठरलें! लेओनार्दोच्या देशानें यंत्र आणि चित्र यांत अशी भिंत घालावी, याला काय म्हणावें? जर्मनींतील परदेशी विद्यार्थ्यांत आज भारतीयांचा समूह सर्वांत मोठा आहे आणि त्यांतला बराच भाग अशा यंत्रशास्त्र्यांचा आहे, म्हणून ही गोष्ट एखाद्या-दुसऱ्या मुलाची नव्हे. पॅरिसच्या लूव्र संग्रहालयानें ही अडचण सोडविली आहे: यूरोपीय आर्थिक क्षेत्रांत राहणाऱ्या सव्विशीच्या आंतल्या तरुणाला, पासपोर्ट कोणताहि असो, प्रवेश मोफत. माद्रिदचें प्रादो तर रोज शेवटचे दोन तास कोणालाच कांहीं विचारीत नाहीं.

उफीत्सीचा इतिहास या नियमावर स्वतःच टीका करतो. मेदिची घराण्याची अखेरची वारस आन्ना मारिया लुईझा हिनें १७३७ सालीं नव्या लोरेन राजघराण्याशीं करार केला आणि पिढ्यान्‌पिढ्यांचा संग्रह राज्यास दिला, तो एका अटीवर: यांतली कोणतीहि वस्तु फ्लॉरेन्सबाहेर जाऊं नये. कारणें तिनें करारांतच नमूद केलीं. राज्याची शोभा, लोकांचा उपयोग, आणि परक्यांचें कुतूहल ओढून घेणें. परके म्हणून जे कोणी येतील त्यांच्याकरितांहि तें भांडार तेथें राहिलें आहे. १७६९ सालीं दारें लोकांस उघडलीं. त्या बाईच्या उदारपणावर आज फ्लॉरेन्सचा अर्धा संसार चालतो, आणि तिनें बोलाविलेल्या परक्याच्या पोराला खिडकीवर अडविलें जातें.

नेपल्सची गोष्ट तर आपल्या अधिक जवळची आहे. १९३८ सालीं पाँपेईच्या एका घरांत वीतभर उंचीची हस्तिदंती स्त्रीमूर्ति सांपडली. गळ्यांत माळा, हातापायांत कडीं-वाळे भरलेलीं, दोहों बाजूंस एकेक दासी. प्रथम तिला लक्ष्मी म्हटलें गेलें. आतां पुष्कळ अभ्यासक यक्षी म्हणतात. इ. स. ७९ मध्यें व्हेसूव्हियसच्या राखेंत गाडली जाण्यापूर्वीं ती समुद्रमार्गें तेथें पोंचली होती. तिच्यावर खरोष्ठी अक्षर असल्यानें तिच्या जन्मगांवाचा वाद आहे. परंतु तिच्याशीं जुळणाऱ्या मूर्ति मराठवाड्यांत तेर आणि भोकरदन येथें सांपडल्या आहेत, आणि तेर म्हणजे रोमशीं व्यापार करणारें जुनें तगर. आतां पाहा, ही मूर्ति आज नेपल्सच्या सरकारी पुरातत्त्व संग्रहालयांत आहे. भोकरदनजवळचा एखादा मुलगा आणि त्याचा म्युनिकचा मित्र तिला पाहावयास गेले, तर म्युनिककरास दोन यूरो, आणि जिच्या बहिणी त्याच्या तालुक्यांत मातींतून निघाल्या त्याला पूर्ण दर. दोन हजार वर्षांपूर्वीं ती स्वतः कोणतें ओळखपत्र दाखवून उतरली होती?

एवढें बोलल्यावर वाचक आम्हांस विचारतील, आणि विचारावेंच, कीं तुमच्या घरीं काय चालतें? अजिंठ्यास भारतीयास चाळीस रुपये आणि परदेशीयास सहाशें. ताजमहालास पन्नास आणि अकराशें. पंधरा वर्षांवरील परदेशी विद्यार्थ्यास त्यांत सूट नाहीं. श्रीलंका, नेपाळ, थायलंड अशा शेजाऱ्यांस मात्र अजिंठ्यास आपणहि आपल्याच दरानें सोडतों; म्हणजे संघ केला कीं भाव कमी, ही युक्ति आपण इटलीकडून शिकण्याची वाट पाहिलेली नाहीं. येथें गंमत अशी, कीं इटलीच्या नियमांत संघाबाहेरच्या देशांकरितां एक वाट ठेविली आहे: ज्या देशांत इटालियनांस तशी सवलत मिळते, त्या देशाच्या नागरिकांस परस्परतेच्या अटीवर ती देतां येते. म्हणजे पुण्याच्या मुलाची उफीत्सींतली किल्ली कांहीं अंशीं अजिंठ्याच्या तिकिटघरांत पडलेली आहे. पुरातत्त्व खात्यानें पंचविशीच्या आंतल्या प्रत्येक विद्यार्थ्यास, तो फ्लॉरेन्सचा असो वा फलटणचा, विद्यापीठाचें ओळखपत्र पाहून चाळीस रुपयांत आंत सोडावें. तसें केल्यावर रोमला पत्र लिहावयास आपल्या परराष्ट्र खात्यास तोंड राहील.

तोंपर्यंत दक्षिण यूरोपाकडे निघालेल्या मुलामुलींनीं आपला बेत महिन्याच्या पहिल्या रविवाराभोंवतीं आंखावा. त्या दिवशीं इटलीचीं सरकारी संग्रहालयें सर्वांसच मोफत असतात. रांग लांब असते, पण चौघेहि एकाच रांगेंत उभे राहतात.