डेटा सेंटरच्या मागे धावण्याआधी तुमचं दुकान कशामुळे बंद पडतं ते शोधा



मागच्या व्हिडिओखाली एकच प्रश्न पुन्हा पुन्हा आला. "सर, नवी मुंबईत डेटा सेंटरचं एवढं चाललंय, आपल्याला त्यात काय करता येईल?" एकाने तर विचारलं, दुकानाचं डिपॉझिट सोडवून त्यात पैसे टाकू का? व्हिडिओत वेळ कमी पडला, म्हणून इथे नीट लिहितो.

माझं मत आधीच सांगतो. चालतं दुकान मोडून त्याच्या मागे धावू नका. पण ही मंडळी पैसा आधी कुठे लावतात आणि नंतर कुठे, तो क्रम मात्र जरूर उचला.

हे सगळं इथेच का आलं?

तुमचं बँक खातं, फोटो, ऑनलाइन ऑर्डर हे सगळं कुठल्या तरी इमारतीतल्या सर्व्हरवर असतं. ती इमारत म्हणजे डेटा सेंटर. 2016 मध्ये अ‍ॅमेझॉनने आपली क्लाउड सेवा मुंबईतून सुरू केली. 2018 मध्ये रिझर्व्ह बँकेने सांगितलं की पेमेंटचा डेटा भारतातच ठेवायचा. समुद्राखालून येणाऱ्या केबल वर्सोव्यासारख्या ठिकाणी मुंबईच्या किनाऱ्याला लागतात, बँका आणि शेअर बाजार इथेच आहेत, आणि ऐरोली, रबाळे, महापे पट्ट्यात एमआयडीसीची जागा मिळाली. म्हणजे त्यांनी आधी गिऱ्हाईक आणि रस्ता बघितला, मग जागा घेतली. आपण बऱ्याचदा भाडं स्वस्त दिसलं की गाळा घेतो आणि मग गिऱ्हाईक शोधत बसतो.

पहिला धडा: बंद न पडणं हाच माल

डेटा सेंटरवाला जागा भाड्याने देतो असं वाटतं. खरं तर तो "बंद पडणार नाही" हा शब्द विकतो. टियर थ्री दर्जाच्या सेंटरकडून 99.982 टक्के वेळ चालू राहण्याची अपेक्षा असते. हिशोब करा, वर्षभरात जेमतेम दीड-पावणेदोन तास बंद. त्यासाठी विजेचे दोन मार्ग, बॅटऱ्या, डिझेल जनरेटर, जास्तीचे कूलिंग युनिट. 12 ऑक्टोबर 2020 ला मुंबईची वीज गेली, लोकल जागच्या जागी थांबल्या, आठवतंय ना? तशा एका दिवसासाठी ते जनरेटर वर्षभर सांभाळायचे असतात.

आता माझी चूक सांगतो. 29 ऑगस्ट 2017. गणपतीचे दिवस, हिंदमाताला पाणी भरायला लागलं. आम्ही पिढीजात इथले, पाणी नवीन नाही. मी, बाबा आणि दुकानातली दोन मुलं, अर्ध्या तासात सगळे तागे आणि ड्रेस मटेरियलचे गठ्ठे पोटमाळ्यावर चढवले. एक मीटर कापड भिजू दिलं नाही. आणि काउंटरखाली जमिनीवर ठेवलेला बिलिंगचा सीपीयू तसाच राहिला. बॅकअपचा पेनड्राइव्ह? त्याच काउंटरच्या खालच्या खणात!

कापड वाचलं, उधारी बुडाली. सव्वातीन लाखांची येणी होती, त्यातली दोनच्या आसपास वसूल झाली, तीही लोकांच्या चांगुलपणावर. बाकीच्यांना मी कुठला कागद दाखवणार? बाबा फक्त एवढंच म्हणाले, "लाल वही असती तर मी आधी ती उचलली असती." ते वाक्य आजही टोचतं. कारण बाबांना माहीत होतं की धंद्यात आधी काय वाचवायचं. बीबीए झालेल्या मला नव्हतं.

पुढे महापालिकेने आमच्या भागातलं पाणी साठवायला प्रमोद महाजन उद्यान आणि सेंट झेवियर्स मैदानाखाली मोठ्या टाक्या बांधल्या. भरतीच्या वेळी पाणी समुद्रात जात नाही, तेव्हा ते तिथे थांबवायचं. तोही बॅकअपच. पण तुमच्या उधारीच्या खात्याची टाकी महापालिका बांधणार नाही. ती तुम्हालाच बांधायची आहे.

दुसरा धडा: जिथे अडतं, तेच मोजा

डेटा सेंटर किती मोठं, हे ते चौरस फुटांत सांगत नाहीत, मेगावॅटमध्ये सांगतात. कारण जागा मिळते, वीज अडते. पूर्वी एका रॅकला 5-10 किलोवॅट पुरायचे. एआयच्या काही नव्या रॅकना 100 किलोवॅटच्या वर लागतात, म्हणून आता हवेऐवजी पाण्याने, द्रवाने थंड करायची धावपळ चालू आहे. तुमच्या धंद्यात काय अडतं? माझ्याकडे जागा अडत नव्हती, भांडवल पडून राहत होतं. म्हणून मी आता "दुकान केवढं" हे बघत नाही, "गठ्ठा किती दिवसांत विकला" ते बघतो.

आणि एक. इमारत उभी केली म्हणून ते पहिल्याच दिवशी सगळे मजले मशिनरीने भरत नाहीत. गिऱ्हाईक येईल तसा एकेक हॉल चालू करतात. आपण मात्र उद्घाटनाच्या दिवशी सगळे रॅक भरून ठेवतो, व्याजाने!

मग संधी नाहीच का?

आहे, पण शेडच्या आतल्यापेक्षा बाहेरची जास्त. एसी मेंटेनन्स, अर्थिंग, फायर सेफ्टी, केबल ट्रे, हाउसकीपिंग, कॅन्टीन, स्टाफची ने-आण. हे काम बहुतेक वेळा मोठ्या ठेकेदाराकडून खाली येतं आणि पैसे उशिरा येतात. म्हणून तीन गोष्टी करा:

- उद्यम नोंदणी आधी करा, कामाची ऑर्डर लेखी घ्या. सूक्ष्म आणि लघु उद्योगांना लेखी करार असला तरी जास्तीत जास्त 45 दिवसांत पैसे द्यावेत, असा कायदा आहे. नुसती ट्रेडिंग करणाऱ्याला त्याचा फायदा नाही, हेही लक्षात ठेवा.
- कायदा असला तरी तीन महिन्यांचा पगार खिशात असल्याशिवाय काम उचलू नका.
- एकाच पार्टीवर अर्ध्यापेक्षा जास्त धंदा ठेवू नका.

आजचा होमवर्क

एक कागद घ्या. "उद्या सकाळी काय बंद पडलं तर माझं शटर उघडून उपयोग नाही?" अशा तीन गोष्टी लिहा. मोबाइल, फोनपे लागलेलं सिम, एकमेव कारागीर, एकमेव सप्लायर, काहीही असेल. प्रत्येकासमोर दुसरी सोय लिहा. जिथे जागा रिकामी राहील, तिथे तुमचा पुढचा पैसा जायला हवा. दुकानाच्या बोर्डाला नवी लाइट त्यानंतर.

आणि बॅकअप दुकानात ठेवू नका हां. माझा आता घरी, तिसऱ्या मजल्यावर असतो.

तुमच्या तीन गोष्टी कमेंटमध्ये लिहा, पुढच्या व्हिडिओत त्यातल्या काही घेऊन बोलू. भेटूया!