पार्सल तुमचं, ताप काकांना

इंटर्नशिप सुरू झाली की ऑनलाइन ऑर्डरवर हळूच ऑफिसचा पत्ता पडू लागतो. पीजीत दिवसभर कोणी नसतं, मग दुसरं करणार काय? त्यात गैर काहीच नाही. पण सेल लागला की रिसेप्शनचं पार गोडाऊन होतं, त्याचं काय? आपण मीटिंगमध्ये, फोन सायलेंटवर, ओटीपी आपल्याच मोबाईलवर. आणि खाली डिलिव्हरीवाला ताटकळत उभा. अनेकांचे पैसे पोचवलेल्या पार्सलवर ठरतात, त्यामुळे ती दहा मिनिटं त्याच्या खिशातून जातात. कॅश ऑन डिलिव्हरी असेल तर आणखी पंचाईत. सिक्युरिटीचे काका स्वतःचे ६०० रुपये भरतात, आणि परत मागताना संकोचतात तेच! हे अजिबात चालणार नाही. ऑफिसच्या पत्त्यावर मागवायचं तर पैसे आधीच भरा, रिसेप्शनला सकाळी कल्पना द्या, ओटीपीसाठी फोन उचला. बॉक्स त्याच दिवशी घरी न्या. डेस्कखाली आठवडाभर शूजचे खोके कशाला? मोठी वस्तू असेल तर सुट्टीच्या दिवशी घरीच मागवलेली बरी. आणि ‘काका, जरा वर आणून देता का?’ हे तर नकोच. लिफ्ट आपल्यालाही वापरता येते की!