पिलांच्या विष्ठेत रक्त दिसतंय? टॉनिक आधी बंद करा

तीन ते सहा आठवड्यांची पिले पंख पाडून कोपऱ्यात बसली, खाद्य सोडले आणि विष्ठेत रक्त दिसले, तर संशय रक्ती हगवणीचा, म्हणजे कॉक्सिडिओसिसचा घ्यायचा. ‘आयमेरिया’ हा एकपेशीय परजीवी आतड्याच्या पेशी फोडतो. त्याच्या काही प्रजातींत रक्त दिसतही नाही. पातळ विष्ठा आणि खुंटलेली वाढ, एवढेच.

अशा वेळी पहिली धाव मेडिकलकडे असते आणि हातात येते अँटिबायोटिक. पण हा जिवाणू नव्हे, त्यामुळे बहुतेक अँटिबायोटिक इथे निरुपयोगी. उपयोगी पडते ते अॅम्प्रोलियम. त्याची रचना ‘ब-१’ जीवनसत्त्वासारखी असते. परजीवी फसतो आणि उपाशी राहतो. म्हणूनच ‘ताकद यावी’ म्हणून सोबत दिलेले बी-कॉम्प्लेक्स औषधाचा परिणाम घालवते. ही चूक सर्रास होते. आजारी पिले खात नसली तरी पाणी पितात, म्हणून औषध पाण्यातून द्यायचे. मात्रा मात्र पशुवैद्यकाकडूनच घ्यावी, अंदाजाने नको. मेलेले ताजे पिलू दवाखान्यात नेले, तर शवविच्छेदनात निदान पक्के होते.

खरे दुखणे खाली, तुसाच्या गादीत असते. ऊब आणि ओल मिळाली की विष्ठेतून पडलेली परजीवीची अंडी एक-दोन दिवसांत संसर्गक्षम होतात. नेहमीची जंतुनाशके त्यांना मारत नाहीत. गळके पाण्याचे भांडे आज दुरुस्त करा, ओले तूस बाहेर काढा, उरलेले रोज खालीवर करा.