घुंडीची पारख

पारशिवनीसारख्या तालुक्याच्या गावी, जेथे तहसील कचेरीतले फेरफार, पेंचच्या नहराचे पाणी आणि कापसाचा भाव यांपलीकडे सार्वजनिक चर्चेला सहसा विषय लाभत नाही, तेथे विमानाच्या घरगुती सिम्युलेटरला कोणत्या जातीची घुंडी बसवावी या प्रश्नावर वर्तमानपत्राचा रकाना खर्च करणे कित्येकांस अप्रस्तुत वाटेल. परंतु माझ्या भाच्याने माजघरालगतच्या खोलीत असा एक वैमानिककक्ष उभारावयास घेतल्यापासून माझे मत दिवसेंदिवस दृढ होत चालले आहे, की या छंदात द्रव्य ओतणारी मंडळी पडद्याच्या रुंदीवर जितकी लुब्ध होतात त्याच्या शतांशानेही घुंडीच्या स्वभावाची चौकशी करीत नाहीत. आणि विमान चालविणाऱ्याचा खरा व्यवहार तर बोटांशी असतो.

सिम्युलेटर हे यंत्र जन्माला आले तेच मुळी वाद्यांच्या कारखान्यात. अमेरिकेतील बिंगहॅम्टन येथे ऑर्गन बनविणाऱ्या कुटुंबातील एडविन लिंक याने १९२९ च्या सुमारास, आपल्या पेटीच्या भात्याचीच थोरली भावंडे शोभतील अशा भात्यांवर लाकडी विमान डोलविले. लोकांनी ते जत्रेतले खेळणे मानले. पुढे १९३४ साली तेथील लष्करी वैमानिकांवर टपाल वाहण्याचे काम येऊन पडले, अंधारात आणि दुष्ट हवेत अनेकांचे प्राण गेले, तेव्हा कोठे सरकारने त्यातली सहा यंत्रे विकत घेतली. रात्र आणि टपाल ही जोडी आम्हा नागपूरकरांस काही नवखी नाही. १९४९ पासून जवळजवळ पाव शतक मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रास येथून निघालेली विमाने मध्यरात्री सोनेगावच्या तळावर एकत्र येत, थैल्यांची अदलाबदल करीत आणि आल्या वाटेने परतत. त्या काळोखात वैमानिकाचा भरवसा समोरच्या तबकड्यांवर आणि त्या तबकड्यांखालच्या घुंड्यांवरच असणार.

घुंड्यांच्या जाती मुख्यतः तीन. जुन्या रेडिओचा आवाज वाढविणारी, दोन्ही टोकांस अडणारी आणि आपण कोठे उभ्या आहोत हे सदैव जाणणारी ती पोटेन्शिओमीटर. कोठेही न अडता गरगर फिरणारी, दर खटक्यास ‘एक पाऊल उजवीकडे’ किंवा ‘एक पाऊल डावीकडे’ एवढीच वर्दी देणारी आणि स्वतःच्या ठिकाणाविषयी सर्वस्वी उदासीन असलेली ती रोटरी एन्कोडर. पंख्याच्या रेग्युलेटरप्रमाणे ठराविक ठाण्यांवरच थांबणारा तो सिलेक्टर स्विच. आता राशी जशी असेल तशी घुंडी असावी, एवढे साधे तत्त्व पाळले तरी निम्मी फसगत टळते. तबकड्यांच्या दिव्यांच्या उजेडाला तळ आहे आणि कळस आहे. त्याला पहिली जात शोभते. छोट्या विमानाच्या मॅग्नेटोला बंद, उजवा, डावा, दोन्ही आणि चालू अशी पाचच ठाणी असतात, तेथे तिसरी. परंतु दिशेचे काय? ३५९ अंशांनंतर ३६० येतात आणि त्यांच्या पाठोपाठ पुन्हा एक. या वर्तुळाला कोठेच बांध नाही, आणि त्याला अडणारी घुंडी जोडणे म्हणजे आकाशाचा सातबारा काढण्यासारखे आहे. शिवाय नवे उड्डाण सुरू होताना दिशेचा काटा कोठेही असू शकतो. पोटेन्शिओमीटर आपल्या जुन्या जागेचा हट्ट धरून त्याच्याशी भांडते, एन्कोडरला मात्र पूर्वस्मृतीच नसल्यामुळे ती जेथून म्हणाल तेथून कामाला लागते. उन्हाळ्यात दिवसातून चार वेळा वीज घालविणाऱ्या गावात हा विस्मरणाचा गुण मला विशेष आदरणीय वाटतो.

भाच्याचा आग्रह असा, की रेडिओसाठी एकच एन्कोडर पुरे. दुहेरी घुंडी महाग पडते. मी त्याला कागदावर हिशेब करून दाखविला. वैमानिकाच्या बोलण्याच्या लहरी ११८ पासून १३६.९७५ मेगाहर्ट्‌झपर्यंत, २५ किलोहर्ट्‌झच्या पायरीने, म्हणजे ७६० पायऱ्या. फेरीस २० खटके देणारी घुंडी घेतली, तर एका टोकाहून दुसऱ्या टोकास जावयास अडतीस फेरे! तेच एकाच दांड्यावर बाहेरची मोठी आणि आतली लहान अशा दोन घुंड्या असल्या, की बाहेरचीने १९ पायऱ्या, आतलीने ४०, आणि काम संपले. ‘मामा, माऊसने तर लगेच होते,’ असे तो म्हणाला. होते खरे, पण माऊससाठी डोळा लागतो, आणि उतरण्याच्या वेळी डोळ्याला दुसरी कामे असतात. नागपूरची धावपट्टी समुद्रसपाटीपासून सुमारे ३१५ मीटर उंच. उन्हाने हवा तापून वायुभार उतरला असता उंचीमापकाची घुंडी १० हेक्टोपास्कलने मागेपुढे राहिली, तर काटा जवळजवळ ३०० फूट खोटे बोलतो. खटका एक, हेक्टोपास्कल एक, अशी मुकर्रर व्यवस्था असली म्हणजे ते दहा खटके न पाहता बोटांनी मोजता येतात. म्हणून गुळगुळीत फिरणाऱ्या, खटका न देणाऱ्या सुबक घुंडीपेक्षा मी टकटक करणारी ओबडधोबड घुंडी घेईन. स्वस्त मालात एका खटक्याचे दोन मोजले जाण्याची खोड असते, तेव्हा संगणकाला ती थरथर गाळून टाकण्याची तजवीज करून द्यावी लागते. तेवढा खटाटोप पत्करावा.

आकाराविषयीही हयगय नको. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी बॉम्बफेकी विमानांचे वैमानिक जमिनीवर उतरल्यावर फ्लॅपऐवजी चाकेच मिटून घेत, कारण दोन्ही खटके एकसारखे आणि शेजारी शेजारी. अल्फोन्स चपॅनिस या मानसशास्त्रज्ञाने एकाला चाकाच्या आकाराची मूठ लावली, दुसऱ्याला पाचरीच्या. आणि हाताला फरक कळू लागला. भाच्याने विकतच्या सहाही घुंड्या एकाच साच्यातल्या, काळ्या आणि चकचकीत आणल्या होत्या; त्या मी परत करावयास लावल्या. चाकांच्या दांड्याला मात्र त्याने स्वतःच्या लहानपणीच्या मोडक्या मोटारीचे रबरी चाक बसविले आहे, आणि त्याबद्दल माझी काहीच तक्रार नाही.